विश्लेषण : मरीन टँकमधील प्रवाळ का मिटतात? आजार ओळखायचा कसा, उपचार कोणते आणि घरच्यांना धोका काय?

काल दिवसभर फुललेले प्रवाळ आज दिवे लागूनही मिटलेलेच दिसले, की मरीन टँक पाळणाऱ्याचा पहिला फोन दुकानदाराला जातो. संध्याकाळपर्यंत टाकीत कोणते तरी औषध पडलेले असते. दोन दिवसांत सुधारणा दिसली नाही की दुसरे औषध आणले जाते. या घाईत अनेकदा वाचू शकणारे प्रवाळही मरतात. कारण बहुतेक वेळा बिघाड प्रवाळात नसतो. तो पाण्यात, उजेडात किंवा तापमानात असतो. मिटणे हे त्या बिघाडाचे लक्षण आहे. शिवाय काही प्रवाळांमध्ये माणसाला रुग्णालयात पोहोचवू शकणारे विष असते आणि भारतात अनेक प्रवाळांना वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे टाकीत हात घालण्यापूर्वी काय पाहायचे, काय मोजायचे आणि उपचार कोणत्या क्रमाने करायचे, याविषयी...

पॉलिप म्हणजे नेमके काय?

प्रवाळ दगडासारखा किंवा झाडासारखा दिसला, तरी तो प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या कुळातला. पॉलिप म्हणजे त्याचे एक शरीर : खाली चिकटलेला देठ, वर एक तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिकांचे कडे. असे शेकडो, हजारो पॉलिप एकमेकांना जोडून राहिले की त्यांची वसाहत होते.

यांतील अनेक पॉलिपांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा पॉलिपला मिळतो. बदल्यात पॉलिप त्याला जागा आणि पोषकद्रव्ये देतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बऱ्याच अंशी या शैवालामुळे असतो. पाणी तापले किंवा उजेड सोसवेना झाला की हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. ब्लीच झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. तो उपाशी असतो. मांसल भाग शाबूत असेल आणि कारण लवकर दूर झाले, तर तो सावरू शकतो.

घरगुती टाक्यांमध्ये साधारण तीन गट दिसतात. मऊ प्रवाळ आणि झोअँथिड यांना दगडी सांगाडा नसतो. टॉर्च, हॅमर यांसारख्या प्रवाळांचे पॉलिप मोठे आणि सांगाडा कठीण असतो. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांचे पॉलिप अगदी बारीक असतात. पहिला गट सर्वांत सोशिक, तर तिसरा सर्वांत नाजूक मानला जातो.

मिटलेला पॉलिप आजारीच असतो का?

नाही. झोअँथिड रात्री मिटतात. माशाने चोच मारली, गोगलगाय अंगावरून गेली किंवा टाकी साफ करताना धक्का लागला, तरी काही तास मिटून राहतात. नव्याने आणलेला प्रवाळ आठवडाभर पूर्ण उघडत नाही. छत्रीच्या आकाराचा लेदर कोरल तर अधूनमधून आपल्या अंगावरचा मेणासारखा पातळ थर टाकतो. त्या काळात तो अनेक दिवस मलूल आणि चकचकीत दिसतो, मग आपोआप फुलतो.

काळजी करावी अशी लक्षणे वेगळी आहेत. सांगाड्यावरून मांस सुटून पांढरा भाग उघडा पडणे, तोंड सतत वासलेले राहणे, देठावर बारीक फोड, तपकिरी चिकट बुळबुळीत थर, कुजका वास किंवा तीन-चार दिवस उलटूनही एकही पॉलिप न उघडणे. यांतील सांगाड्यावरून मांस सुटण्याचा वेग सर्वांत महत्त्वाचा. ते आठवड्यांत सुटत असेल तर शोध घ्यायला वेळ आहे. तासातासाला सुटत असेल तर नाही.

एकच प्रवाळ मिटला आहे की सगळे?

निदानाचा हा पहिला प्रश्न आहे आणि त्यानेच निम्मे काम होते. टाकीतील सगळेच प्रवाळ एकदम मिटले असतील, तर कारण सगळ्यांपर्यंत पोहोचणारे असते : पाणी, तापमान किंवा बाहेरून मिसळलेले एखादे रसायन. अशा वेळी एकेका प्रवाळाला बाहेर काढून औषधात बुडवणे निरर्थक असते, कारण त्याला परत त्याच पाण्यात जायचे असते.

एकच वसाहत मिटली आणि शेजारी फुललेले असतील, तर कारण त्या जागेपुरते असते : कीड, शेजाऱ्याचा डंख, पंपाचा थेट झोत किंवा दिव्याखालची जागा. एखाद्या प्रवाळाचा फक्त वरचा भाग फिका पडला असेल, तर उजेडाकडे पाहावे. एकाच बाजूचे मांस सुटले असेल, तर त्या बाजूचा शेजारी आणि पाण्याचा झोत पाहावा. काही प्रवाळ रात्री लांब डंखधारी स्पर्शिका बाहेर काढतात आणि जवळ आलेल्याला भाजून काढतात. दिवसा ही लढाई दिसत नाही.

यासोबत मागच्या दहा दिवसांत घरात काय बदलले, याची यादी करावी. नवा मासा, नवा दिवा, मिठाचे नवे पाकीट, पाणीबदल, वीज जाणे, घराचा रंग, पेस्ट कंट्रोल. मोबाइलमध्ये रोज एकाच वेळी, एकाच कोनातून काढलेला फोटो इथे मोठ्या कामाचा ठरतो.

पाण्यात काय काय मोजायचे?

‘पाणी स्वच्छ दिसते’ याला खाऱ्या पाण्याच्या टाकीत काहीच अर्थ नाही. अमोनिया काचेसारख्या नितळ पाण्यातही असतो. खालील सात गोष्टी मोजल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत.

• तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस. दिवसभरात एक-दीड अंशापेक्षा अधिक चढउतार नको.

• खारेपणा : ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६.

• अमोनिया आणि नायट्राइट : शून्य.

• नायट्रेट : साधारण २ ते १५ पीपीएम.

• फॉस्फेट : साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम.

• अल्कलिनिटी : ७ ते ११ डीकेएच, मात्र रोज बदलणाऱ्या ‘आदर्श’ आकड्यापेक्षा स्थिर राहिलेला साधा आकडा चांगला.

• कॅल्शियम ३८० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,४०० पीपीएम. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांसाठी हे दोन्ही आवश्यक.

नायट्रेट आणि फॉस्फेट हे कचरा समजून पूर्ण शून्यावर आणण्याची चूक बरेच जण करतात. पॉलिपातील शैवालाला थोडी पोषकद्रव्ये लागतात. ती संपली की प्रवाळ फिके पडतात, आकसतात आणि टाकीत डायनोफ्लॅजलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर वाढण्याची शक्यता असते.

मोजण्याचे साधनही तपासावे लागते. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ गोड्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर तो अचूक असेलच असे नाही. त्यासाठी ३५ पीपीटीचे कॅलिब्रेशन द्रावण मिळते. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. टेस्ट किटची मुदत संपली असेल तर त्याचा रंग काहीही सांगतो. धक्कादायक आकडा आला तर उपाय करण्यापूर्वी चाचणी दुसऱ्यांदा करावी.

आकडा चुकला असेल तर दुरुस्ती कशी?

आधी टाकीतील खरे पाणी मोजावे. १०० लिटरची म्हणून घेतलेल्या टाकीत दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ८० लिटरच्या आसपास पाणी उरते. मात्रा १०० लिटरची घातली, तर ती सव्वापट होते.

खारेपणा : पाणी उडते, मीठ उडत नाही. ८० लिटर पाण्यातून रोज एक लिटर उडत असेल आणि घरचे आठवडाभर गावाला गेले, तर परत येईपर्यंत ३५ पीपीटीचे ३८ झालेले असतात. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. दीर्घकाळ चुकीच्या भरीमुळे ३८ वर स्थिरावलेले ८० लिटर पाणी ३५ वर आणायला सुमारे सव्वासहा लिटर खारे पाणी काढून तितकेच शुद्ध गोडे पाणी घालावे लागते. तेही एका झटक्यात नव्हे, दोन-तीन दिवसांत विभागून.

अल्कलिनिटी : कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना ती खर्च करतात, त्यामुळे ती हळूहळू उतरते. खाण्याच्या सोड्याने ती वाढवता येते. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडा लागतो. म्हणजे ८० लिटरला २.४ ग्रॅम, जेमतेम अर्धा चहाचा चमचा. तो गोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या प्रवाहात सावकाश सोडावा. दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक वाढ करू नये. बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा हे वेगळे पदार्थ आहेत, ते चालत नाहीत.

अमोनिया : थोडाही आढळला तर मेलेला मासा, गोगलगाय किंवा कुजलेले खाणे शोधून काढावे, २५ टक्के पाणी बदलावे आणि नवे कोळसा फिल्टर लावावे. नव्या पाण्याचे तापमान आणि खारेपणा जुन्याइतकाच हवा. नव्या टाकीत जिवाणूंचे चक्र बसायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत प्रवाळ आणूच नयेत.

तांबे : माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर तांबेयुक्त औषध दिले जाते. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई यांना ते मारक असते. माशांवरचे असे उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावेत.

महाराष्ट्रातील घरांमध्ये वेगळे काय घडते?

मरीन टँकविषयीची बरीच माहिती थंड देशांतील आहे. तिकडे हीटरची चर्चा असते. इथे प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये बंद घरातील टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते आणि ब्लीचिंग सुरू होते. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पण गोड्या पाण्याची रोजची भर वाढते. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत हा पंखा फारसा काम करत नाही. तिथे चिलर किंवा खोलीतील एसी हाच भरवशाचा मार्ग. आणीबाणीत गोठवलेली, घट्ट बंद बाटली टाकीच्या फिल्टरकप्प्यात ठेवता येते. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. दिव्यांचे तासही कमी करावेत.

वीज गेली तर दिव्यांची काळजी करू नये. प्रवाळ एखादा दिवस अंधारात काढू शकतात. प्रवाह थांबल्यावर प्राणवायू मात्र काही तासांतच घटू लागतो. म्हणून इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप जोडावा. बॅटरीवर चालणारा एअर पंप शे-दोनशे रुपयांच्या माशांपेक्षा महागडे प्रवाळ वाचवतो.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातील आरओची. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अनेक घरगुती यंत्रे थोडे क्षार परत मिसळतात. त्यामुळे टीडीएस मीटरवर ३०, ५०, ८० असा आकडा दिसतो. मरीन टँकला शून्याच्या जवळचे पाणी लागते आणि त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा हवा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही थेट टाकीत जाऊ नये.

‘समुद्र जवळच आहे, तिथूनच पाणी आणू’ हा विचारही शहरी किनाऱ्यावर धोक्याचा आहे. त्या पाण्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे खारेपणा उतरतो. मरीन टँकसाठी मिळणारे तयार मीठच वापरावे. जेवणातले मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड. त्यात प्रवाळांना लागणारे इतर क्षार नसतात.

शेवटची गोष्ट डास आणि झुरळांवरच्या फवाऱ्यांची. त्यांतील पायरेथ्रॉइड रसायने कोळंबी, खेकडे अशा जलचरांना अत्यंत विषारी असतात. पाण्यात हवा सोडणारा पंप खोलीतील हवा टाकीत ओढत असतो. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी टाकी झाकून, एअर पंप खोलीबाहेरून हवा घेईल अशी सोय करावी. हात घालण्यापूर्वी साबण, क्रीम, सॅनिटायझर धुऊन टाकावे.

पाणी ठीक, तरीही प्रवाळ मलूल, मग?

उजेड आणि प्रवाह पाहावा. झोअँथिडचे देठ माना उंचावल्यासारखे लांब झाले असतील तर उजेड कमी पडतो आहे. वरचे पॉलिप फिके आणि सावलीतले चांगले असतील तर तो जास्त आहे. वनस्पतींना उपयोगी पडणारा उजेड ‘पार’ या एककात मोजतात. मऊ आणि मोठ्या पॉलिपांच्या प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो, तर अॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतो. मोबाइलच्या साध्या लक्स अॅपवर निळ्या एलईडीचा अंदाज चुकतो. नवा दिवा लावताना तीव्रता निम्म्यावरून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवावी.

प्रवाहाची खूण सोपी आहे. स्पर्शिका वाऱ्यावरच्या गवतासारख्या इकडेतिकडे डुलत असतील तर ठीक. त्या एकाच दिशेला लोळत असतील तर झोत जास्त. प्रवाळावर घाण बसत असेल तर कमी.

हेही ठीक असेल, तर दिवे गेल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बसावे. बहुतेक कीड रात्री बाहेर पडते. झोअँथिड खाणाऱ्या न्युडिब्रँक या कवचहीन गोगलगाई भक्ष्याचाच रंग घेतात, त्यामुळे त्या पॉलिपासारख्याच दिसतात. त्यांची अंडी वसाहतीच्या खालच्या बाजूला, वळलेल्या पांढऱ्या फितीसारखी असतात. सनडायल गोगलगाईचे चपटे, चौकटीच्या नक्षीचे कवच सुंदर असते, पण तीही झोअँथिडच खाते. एप्टेशिया हे पारदर्शक समुद्रफूल शेजाऱ्यांना डंख करते. ते चिरडू नये. उरलेल्या तुकड्यांतून नवे उगवते. त्यावर त्याच्यासाठीची तयार पेस्ट लावतात किंवा पेपरमिंट कोळंबी सोडतात.

रोगांमध्ये दोन प्रकार वेगाने पसरतात. टॉर्च-हॅमरसारख्या प्रवाळांवर तपकिरी जेलीसारखा थर येतो आणि त्याखाली मांस विरघळत जाते. अॅक्रोपोरामध्ये कधी काही तासांतच बुडापासून टोकापर्यंत मांस सुटते. या दोन्हींत वाट पाहणे हाच धोका असतो.

हात घालण्यापूर्वी : प्रवाळाचे विष माणसासाठी किती धोकादायक?

पॅलिथोआ आणि काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे निसर्गातील अतितीव्र विषांपैकी एक आढळते. हवाईतील माउई बेटावरच्या एका प्रवाळातून ते वेगळे केल्याचे १९७१ मध्ये जाहीर झाले. पेशीत सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणाऱ्या पंपाला ते चिकटते आणि त्या पंपाचे उघडे भोक करून टाकते. पेशीचा समतोल कोसळतो.

हा धोका केवळ समुद्रात पोहणाऱ्यांना नाही. अमेरिकेतील अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान मत्स्यालयाच्या दुकानांत आणि घरांत झोअँथिड हाताळल्यानंतर लोक आजारी पडल्याची नोंद तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरातील टाकीतला प्रवाळ साफ करताना हवेत मिसळलेल्या विषामुळे एका कुटुंबाला आणि मदतीला गेलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले.

सर्वांत धोक्याची कृती म्हणजे नको असलेले झोअँथिड काढण्यासाठी दगड उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे किंवा कोरडे घासणे. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जाते. कोणत्या झोअँथिडमध्ये ते आहे, हे रंगावरून सांगता येत नाही. त्यामुळे सगळ्यांनाच विषारी समजावे. जाड हातमोजे, पूर्ण झाकणारा चष्मा आणि मास्क घालूनच काम करावे. हाताला जखम असेल तर टाळावे. मुले आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर ठेवावेत. टाकून द्यायचा तुकडा एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा ताज्या द्रावणात किमान अर्धा तास, हवेशीर जागी बुडवून ठेवावा. त्यात अॅसिड किंवा व्हिनेगर मिसळू नये.

तोंडाला धातूसारखी कडवट चव, ताप, थंडी, खोकला, धाप, स्नायूंत वेदना, बधिरपणा किंवा डोळ्यांची आग जाणवली, तर सगळ्यांनी तातडीने मोकळ्या हवेत जावे आणि रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही. लक्षणांनुसार उपचार होतात. डॉक्टरांना ‘मत्स्यटाकीतील झोअँथिड प्रवाळ, पॅलिटॉक्सिन’ हे शब्द आवर्जून सांगावेत, अन्यथा हा साधा फ्लू समजला जाण्याची शक्यता असते.

औषधाचे स्नान कसे द्यायचे?

कीड किंवा संसर्ग दिसला तरच ‘डिप’ म्हणजे औषधाचे स्नान द्यावे. ते नेहमी टाकीबाहेर, वेगळ्या भांड्यात.

१. दोन भांड्यांत टाकीतलेच पाणी घ्यावे : एक औषधासाठी, दुसरे धुण्यासाठी. दोन्हींचे तापमान टाकीइतके ठेवावे.

२. प्रवाळांसाठीचे आयोडीनयुक्त किंवा कीडनाशक डिप लेबलवरच्या मात्रेतच घालावे. दोन औषधे एकत्र करू नयेत.

३. लेबलवर दिलेल्या वेळेपुरताच प्रवाळ बुडवावा. मोठ्या सिरिंजने पाण्याखालीच हळुवार झोत मारावा, म्हणजे कीड सुटते. तुषार उडू देऊ नयेत.

४. दुसऱ्या भांड्यात धुऊन प्रवाळ शांत प्रवाहाच्या, मंद उजेडाच्या जागी ठेवावा.

५. औषधाचे पाणी टाकीत परत ओतू नये.

डिपने अंडी मरत नाहीत. ती चिमट्याने किंवा मऊ ब्रशने पाण्याखालीच काढावी लागतात. नवी पिल्ले निघतात म्हणून साधारण आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा डिप द्यावे लागते. एकदाच डिप देऊन थांबले की महिन्याभरात कीड परतते.

तपकिरी जेली दिसली तर पंप बंद करून ती बारीक नळीने ओढून बाहेर काढावी, वसाहत वेगळ्या टाकीत न्यावी आणि रोगट फांदी निरोगी भागापासून कापून टाकावी. वेगाने मांस सुटणाऱ्या अॅक्रोपोराच्या बाबतीत मूळ वसाहत वाचवण्याचा हट्ट सोडावा. पांढऱ्या रेषेच्या पुढची निरोगी टोके तोडून वेगळी लावली, तर त्यांतील काही तरी वाचू शकतात.

घरात प्रवाळ ठेवणे कायदेशीर आहे का?

हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. दगडी सांगाड्याचे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे त्यात येतात. ही तीच अनुसूची ज्यात वाघ आहे. उल्लंघनास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला मेलेला तुकडाही अडचणीत आणू शकतो. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली येथील लहानशा प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवण्यात आल्या, तेव्हाही त्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती.

परदेशातून येणारे अनेक प्रवाळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले आणि त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. ही नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. त्यामुळे आयातीची कागदपत्रे आणि पक्के बिल न देणाऱ्याकडून प्रवाळ घेऊ नये. शंका असेल तर खरेदीपूर्वीच वन विभागाकडे विचारणा करावी.

सुधारणा दिसायला किती दिवस लागतात?

खारेपणा किंवा तापमान चुकलेले असेल, तर दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवसांत पॉलिप उघडू लागतात. किडीनंतर काही आठवडे लागतात. ब्लीच झालेल्या प्रवाळाला रंग परत यायला महिनेही लागू शकतात. त्या काळात त्याला बारीक खाणे थोडे थोडे द्यावे आणि उजेड मंद ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर प्रवाळ सावरला तरी कशाने आणि बिघडला तरी कशाने, हे कळत नाही.

नवा प्रवाळ आणला की आधी डिप आणि शक्य असेल तर चार-सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत मुक्काम, हा नियम पाळला तर वर सांगितलेल्या किडी मुख्य टाकीत सहसा पोहोचत नाहीत. आणि सकाळी पॉलिप मिटलेले दिसले, तर औषधाच्या बाटलीआधी थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट हाती घ्यावे. पंधरा मिनिटांत हाती येणारे ते सात आकडेच पुढे काय करायचे हे सांगतात.